कल्याणच्या पुढे

दसरा-दिवाळीच्या सुमारास घर घेणाऱ्यांचे फोन वाढतात. वाहतूक नियोजन हे माझं काम, त्यामुळे “वांगणी बरं की आसनगाव?” असं नात्यातली, ओळखीची माणसं हक्कानं विचारतात. हातात बिल्डरचं माहितीपत्रक असतं, त्यावर ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ठळक छापलेलं. मी म्हणतो, आधी लोकलचं वेळापत्रक उघडा.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका आहेत. पुढे वाट फुटते, एक कर्जतकडे, दुसरी कसाऱ्याकडे, आणि दोन्हीकडे जायला एक नि यायला एक एवढीच मार्गिका उरते. त्यावरूनच पुण्याच्या, नाशिकच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही धावतात. लांब पल्ल्याची गाडी रखडली की मागची लोकलही रखडते. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, कर्जत १००, कसारा १२१. पण ऑफिस गाठण्याचा खरा हिशेब या आकड्यांत नाही. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम मंजूर आहे, हे बिल्डर आवर्जून सांगतो. पैसे मात्र आज धावणाऱ्या गाड्या बघूनच मोजावेत.

गाडी कुठून सुटते, याला मी सर्वांत जास्त वजन देतो. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव इथून काही लोकल सुटतात, म्हणजे बसायला मिळण्याची आशा असते. अंबरनाथची माणसं उलटी बदलापूरला जाऊन ‘रिटर्न’ येतात, ती त्या एका सीटसाठी. सव्वा-दीड तास उभं राहून पोचलेला माणूस आणि डुलकी काढून पोचलेला माणूस, दोघांची संध्याकाळ वेगळी असते. मग रात्री दहानंतरच्या गाड्या मोजा. एक चुकली तर पुढची कधी, आणि उतरल्यावर रिक्षा मिळते का? घरात दुसऱ्या पाळीला जाणारी मुलगी असेल तर घर या प्रश्नावरच ठरवावं. कर्जतच्या पुढे खोपोलीपर्यंत एकेरी मार्ग आहे; तिथे रोज मुंबई करायला मी कुणालाच सांगणार नाही.

दुसरी गोष्ट उल्हास नदी. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या पट्ट्यात स्वस्त प्लॉट दिसला की मी पूररेषेचा नकाशा मागतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. नकाशा मिळाला नाही तर जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. २६ जुलै २००५ला पाणी कुठवर आलं, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

पाण्याची दुसरी बाजू मे महिन्यात दिसते. इमारतीच्या दारात टँकर उभा असेल तर महिन्याच्या देखभाल खर्चात किती भर पडते ते तिथल्याच रहिवाशांकडून काढून घ्या.

एवढं सगळं एका रविवारी साइट बघून कळत नाही, शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो. जमत असेल तर मे महिन्यात तिथेच अकरा महिन्यांच्या करारानं भाड्याची खोली घ्या आणि एक पावसाळा काढा. बुकिंगची रक्कम गणपतीनंतरही देता येते.