उंची आणि पाऊल

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा सर्वप्रथम डोळ्यांपुढे आले ते शाळेचे बास्केटबॉलचे मैदान. मी इतिहासाचा शिक्षक. या खेळाचा जाणकार नव्हे. वसतिगृहाचा भार माझ्याकडे होता, म्हणून संघाची जबाबदारीही ओघाने आली, एवढेच.

त्या वर्षी नववीत एक विलक्षण उंच मुलगा दाखल झाला. वडील सोलापुरात यंत्रमागावर कामगार, आई विड्या वळणारी. मुले चिडवीत म्हणून तो पोक काढून चालत असे, जणू आपली उंची हा आपलाच अपराध आहे. मी त्याला संघात 'सेंटर' केले आणि एकच सूचना दिली : "रिंगखाली उभा राहा आणि हात वर कर." पहिल्याच सामन्यात त्याच्याहून वीतभर बुटक्या खेळाडूंनी त्याला रेटून बाहेर काढले. हाती आलेला चेंडू तो कमरेपर्यंत खाली आणी आणि तेथून तो कोणीही हिसकावून नेई. "एवढी उंची असून काय उपयोग?" असे मी त्याला सर्वांदेखत बोललो. ते वाक्य मला आजही टोचते.

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या विनंतीवरून एक निवृत्त प्रशिक्षक महिनाभर शाळेत मुक्कामी आले. सोलापूरचे ऊन तापण्याआधी, सकाळची वंदना आटोपताच सराव सुरू होई. पहिले चार दिवस त्यांनी मुलाच्या हाती चेंडू दिलाच नाही. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणे, एक पाय रोवून दुसऱ्याने वळणे, पाठीला टेकलेल्या प्रतिस्पर्ध्याचा दाब ओळखणे, एवढेच. तो उजव्या खांद्याला रेटत असेल, तर डावा पाय मागे रिंगकडे टाकायचा, एकदाच चेंडू आपटायचा आणि दोन्ही पायांवर उडी घ्यायची. याला 'ड्रॉप स्टेप' म्हणतात. ती वाट त्याने अडवली, तर आत वळून 'हूक'. हुलकावणीला फसून त्याने उडी घेतली, तर त्याच्या हाताखालून पाऊल टाकून पलीकडे. चेंडू मात्र हनुवटीखाली येता कामा नये. "गुडघे वाकव, पाठ नको," हे वाक्य तर दिवसातून शंभरदा कानी पडे.

रिंगखाली आळीपाळीने दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याच्या सरावाला 'मायकन ड्रिल' म्हणतात, हे मला तेव्हाच कळले. जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मुलगा बेंगरूळ समजला जाई. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात 1942 पासून रे मेयर या प्रशिक्षकाने त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेतल्या, दोन्ही हातांचा हूक घोटून घेतला, त्याला नृत्याचे धडेही दिले. पुढे त्याला रोखण्यासाठी 1951 मध्ये रिंगखालच्या क्षेत्राची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट करावी लागली. आपल्याकडे पंजाबातील शेतकरी कुटुंबातला सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत डॉ. सुब्रमण्यम यांच्या हाताखाली घडला आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या एनबीएमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला.

हे वाचताना माझी चूक मला उमगली. जन्माने माणसाची योग्यता ठरवू नये, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मैदानावर मात्र मी त्या मुलाला जन्माने मिळालेल्या उंचीवरच मापले आणि न शिकवताच नापास ठरवले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि मुंबईत हॉकी क्लबही चालवला. आपल्या मुलांत गुण नाहीत असे नव्हे, त्यांना जागा आणि शिकवणारा हवा, हे त्यांनी तेव्हाच जाणले होते. बुद्धवंदनेत तथागतांना सारथी म्हटले आहे, त्याचा अर्थही मला त्या मैदानावर नव्याने कळला.

तिसऱ्या आठवड्यात मुलाचे वडील त्याला न्यायला आले. "गुरुजी, चेंडूनं पोट भरतंय व्हय? सुट्टीत चार पैसे तरी कमवील." मी म्हटले, "दादा, आधी पाहा तर खरं." ते कुंपणाशी उभे राहिले. "गुडघे वाकव, पाठ नको," प्रशिक्षकांचा आवाज आला. मुलगा ताठ पाठीने वळला आणि चेंडू रिंगमध्ये गेला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या महिनाभर. पुढचं पुढं बघू."

पुढच्या जिल्हास्तरीय सामन्यात आमचा संघ हरला. पण त्या मुलाने डावे पाऊल टाकून केलेले दोन गुण मी विसरलेलो नाही. सामना संपल्यावर मी त्याची माफी मागितली. तो लाजून हसला. दहावी होईपर्यंत तो रोज सायंकाळी लहान मुलांना पावले शिकवीत असे, चेंडू न देता. आणि चालताना त्याची मान सरळ असे.

नव्या इमारती उभ्या राहतीलच. त्यांच्याबरोबर प्रत्येक मुलाला त्याच्या विषयातला खरा जाणकार गुरू मिळावा, एवढीच या प्रसंगी मंगल कामना.

नमो बुद्धाय, जय भीम.