घरपट्टीची पावती आणि तुझा महापौर

भोर, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय सखे,

तुझा फोन आला त्या सकाळी माझं दूध उतू चाललं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. "ममदानी आला गं!" एवढंच कानावर पडलं. तुमच्या क्वीन्समधला, तुझ्या शेजारच्या अ‍ॅस्टोरियाचा आमदार आता सगळ्या न्यूयॉर्कचा महापौर होणार. भाडं वाढू देणार नाही, बस फुकट करीन, पाळणाघरं फुकट देईन असं सांगून तो निवडून आला. घरखर्च हा निवडणुकीचा मुख्य मुद्दा होऊ शकतो, याचाच मला फार आनंद झाला.

इथे आमचं मतदान 2 डिसेंबरला आहे. राजवाड्यावरून भाजी आणायला निघालं की भोंग्यांच्या दोन रिक्षा तरी आडव्या जातात. राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या होत्या. काही गावांत तर चार-चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. शेवटी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, तेव्हा गाडं हललं.

एक गंमत सांगते, तुला ठाऊक नसेल. पुण्याच्या माणसाला आपला महापौर थेट निवडता येत नाही, तिथे नगरसेवकच महापौर ठरवतात. आम्हा भोरकरांना मात्र नगराध्यक्ष थेट निवडता येतो. 2016 साली हा हक्क आला, 2020 साली गेला, 2022 साली परत आला. अठरा हजारांच्या घरातलं आमचं गाव, पण या एका बाबतीत आम्ही पुण्याच्या पुढे आणि तुझ्या न्यूयॉर्कच्या बरोबरीला. हा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

तू नंतर म्हणालीस, तिथे लोक विचारतात की ममदानीनं दिलेली ही वचनं त्याच्या हातात आहेत तरी का. मी वाचलं, तुमच्या बसगाड्या शहराच्या नाहीतच, राज्याच्या संस्थेच्या आहेत. पण नियंत्रित भाड्याची जी दहा लाखांच्या आसपास घरं आहेत, त्यांची भाडेवाढ ठरवणाऱ्या नऊ जणांच्या मंडळावर माणसं नेमणं महापौराच्या हातात. म्हणजे एका वचनासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागणार, आणि दुसऱ्यासाठी फक्त आपली माणसं नीट निवडावी लागणार. आमचंही तसंच आहे बघ. एसटी राज्याची. जानेवारीत भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, त्यात कुठल्या नगराध्यक्षाचा संबंध नाही. आम्हा बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट मिळतं तेही राज्यानंच दिलेलं. मग भोंग्यावरून कोणी एसटीचं आश्वासन देत असेल तर ते मी ऐकून सोडून देते.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार यांचं मात्र तसं नाही. ते गावातच ठरतं. घरांची कर आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, सुनावणी होते. हरकत कोण घेतं? ज्याला कागद वाचता येतो आणि कामावरून सुट्टी काढता येते तो. आमच्या आळीतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींना त्यांच्या दोन खोल्यांवर काय आकारणी झाली हे बिल आल्यावर कळलं. दोन वर्षं भरता आलं नाही, आणि थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती. म्हणजे वर्षाला चोवीस! बँकेत सोनं तारण ठेवलं तरी एवढं व्याज पडत नाही गं. मी त्यांच्याबरोबर बसून तो हिशोब मांडला तेव्हा त्या गप्पच झाल्या, आणि मला रात्रभर झोप नाही.

बाजाराचं तर माझ्या घरातलंच दुःख. आई माळव्याची पाटी घेऊन एका आठवडी बाजारात बसायची. गावाचं नाव लिहीत नाही. वसुलीचा ठेका लिलावात गेलेला, आणि ठेकेदाराचा माणूस पावतीवर एक आकडा घालायचा आणि हातात दुसरा मागायचा. आईला अक्षर येत नव्हतं, पण पैसे मोजता येत होते. ती एकदा बोलली, तर पुढच्या आठवड्यात तिची जागा गटाराच्या कडेला गेली. जागाभाड्याचा दरफलक बाजाराच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लावायला किती खर्च येतो? तो फलक लावीन असं छातीठोक म्हणणारा उमेदवार मला हवा आहे.

बाजारावरून आठवलं. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत 1876 पासून सभासद होते हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. ते तिथे काय करत होते ते मात्र मी अलीकडे वाचलं. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून हजार रुपये खर्चाचा ठराव आला, त्याच्या विरोधात मत देणारे ते एकटेच. नव्या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असंही त्यांचं म्हणणं होतं. मंडई झालीच, गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणून. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. मला त्या नावापेक्षा ते एकटं मत जास्त जवळचं वाटतं.

आमच्या वेल्ह्याची हकीकत वेगळी. कागदावर आता राजगड तालुका झालाय, तरी माहेरी मी वेल्हेच म्हणते. तिथे ग्रामसभा असते. कोणीही उठून सरपंचाला विचारू शकतं, बायकांची सभा तर आधी वेगळी होते. गेल्या खेपेला वहिनीनं टँकरबद्दल विचारलं. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याच्या नळाला, भाटघरचं नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-इंदापूरला, आणि वरच्या धनगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकर. उत्तर समाधानाचं मिळालं नाही, पण प्रश्न इतिवृत्तात गेला. भोरला राहायला आल्यापासून मला हीच उणीव जाणवते. शहर म्हटलं की सभागृहात नगरसेवक बोलणार, आपण निकाल ऐकणार.

बचत गटातल्या बायका म्हणाल्या होत्या, "बाई, तुम्ही उभ्या राहा." मीही चार दिवस मनापासून विचार केला. आमच्यासारख्या 'क' वर्गाच्या नगरपरिषदेत नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला साडेसात लाखांपर्यंत आणि नगरसेवकाला अडीच लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. ही मर्यादा झाली, तेवढा केलाच पाहिजे असं नाही. तरी समोरचा तेवढा करणार असेल तर मी पंचवीस हजारांत कुठे पोचणार? यंदा नाही म्हटलं. पुढच्या वेळेला नाही म्हणणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

यंदा वही केली आहे. दारात जो येईल त्याला चहा द्यायचा आणि विचारायचं. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडाल तो आधी चौकात वाचून दाखवाल का? महिला-बालकल्याणाचा पाच टक्के निधी आणि दिव्यांगांचा पाच टक्के निधी कशावर गेला ते कुठे बघायला मिळेल? आकारणीच्या हरकती लिहून द्यायला पालिकेत माणूस बसवाल का? उत्तर त्याच्यासमोर लिहायचं आणि सही मागायची. आतापर्यंत तिघं आले. दोघांनी सही केली. तिसरे म्हणाले, साहेबांना विचारून सांगतो.

तुझ्याकडे एक काम आहे. ते भाडं ठरवणारं मंडळ निर्णयाआधी भाडेकरूंना बोलू देतं म्हणे. उन्हाळ्यात तशी सभा झाली की सुट्टी काढून जा, आणि मला सविस्तर लिही: बोलायला किती वेळ देतात, इंग्रजी न येणाऱ्या बाईचं कसं ऐकतात, आणि ती बोलत असते तेव्हा समोरचे लिहून घेतात का.

तुझीच,
भोरची मैत्रीण