निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘निदान दोन घास तरी खा’ असे आई म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ ‘कमीत कमी’ असा असतो. आणि ‘अजून निदान झालेले नाही’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ रोगाचे मूळ ओळखणे असा होतो. आयुर्वेदात तर ‘माधवनिदान’ नावाचा एक जुना ग्रंथच आहे. संस्कृतच्या तासाला सरांनी हे सांगितले, तेव्हा सगळ्या वर्गाने ते वहीत टिपून घेतले. मला टिपून घेण्याची गरज नव्हती. या शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्या घरात केव्हाच मुक्कामाला येऊन राहिले आहेत.

२०२३च्या पावसाळ्यात अण्णा थकू लागले. बांधावरून चालता चालता मध्येच बसत. मग पाय सुजले; बोटाने दाबले की खळगा तसाच राही. डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा शेजारच्या गावी जाऊन कावीळ उतरवून घेतली. चुन्याच्या निवळीने हात धुवायचे, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली असे समजायचे. अण्णांची कावीळ अशी तीन वेळा उतरली. पोट मात्र चढतच गेले. हातापायांच्या काड्या आणि पोटाची घागर! गावाने या रोगाचे निदान एका दिवसात करून टाकले – दारू.

अण्णा माळकरी आहेत. करोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली तर मला कळू लागल्यापासून त्यांची आषाढीची वारी चुकलेली नाही. पण पारावर बोलणारे बोलतच होते, “माळ गळ्यात अन् बाटली पिशवीत!” अण्णांनी कुणाला उत्तर दिले नाही. फक्त पारावर बसणे सोडले.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात गेलो. तपासण्यांचे कागद इंग्रजीत आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यामुळे प्रत्येक कागद माझ्याच हातात येई. अक्षरे वाचता येत, अर्थ मात्र तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरांना विचारावा लागे. तेही दमलेले असत, पण सांगत. त्यांनी सांगितले म्हणून समजले, की बिलिरुबिन हे पिवळेपणाचे माप. अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृत तयार करते. ते कमी पडले आणि यकृतातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी झाली, की पोटात पाणी साठते. रक्त गोठवणारी द्रव्येही यकृतातच तयार होतात, म्हणून रक्त गोठायला वेळ किती लागतो हेही पाहतात. सोनोग्राफीत यकृत आक्रसलेले आणि खडबडीत दिसले, पाणथरी वाढलेली दिसली. घशातून दुर्बीण घातली, तेव्हा अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आढळल्या. त्यांतली एखादी फुटली असती तर रक्ताची उलटी होऊन जिवावर बेतले असते. त्या शिरांना रबराची बारीक कडी बसवली. पोटातले पाणी सुईने काढले, त्यातले थोडे तपासायला पाठवले.

या सगळ्याला मिळून एक नाव होते – सिरोसिस. हे नाव १८१९ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टराने दिले. स्टेथोस्कोप शोधून काढणारा तोच. अशा यकृताचा रंग त्याला पिवळट तपकिरी दिसला, म्हणून त्याने त्या रंगाचा ग्रीक शब्द घेतला. पण सिरोसिस हे झाले रोगाचे शेवटचे गाव. तिथे येणाऱ्या वाटा अनेक आहेत. दारूची वाट आहे, तशी ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूंची आहे, मधुमेह आणि लठ्ठपणातून यकृतात साठणाऱ्या चरबीचीही आहे. अण्णा कोणत्या वाटेने आले, ते एका ओळीने सांगितले : ‘एच.बी.एस.ए.जी. पॉझिटिव्ह’. म्हणजे ‘ब’ प्रकारचा विषाणू. ब्लुंबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात ज्याची पहिली खूण सापडली आणि त्या कामासाठी ज्याला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तोच हा विषाणू.

हा कधी शिरला असेल? डॉक्टरांनी उलट मलाच विचारले, “यांच्या आईला काय झाले होते?” मी आजीला पाहिलेले नाही. ती १९९४ साली पोट फुगून गेली. तेव्हा ‘करणी’ केली असे म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, मोठेपणी हा विषाणू शिरला तर शंभरातल्या बहुतेकांचे शरीर त्याला हुसकून लावते. पण जन्मताना आईकडून आला, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. आजीची तपासणी कधी झालीच नाही, तेव्हा खात्रीने कोण सांगणार? पण तसे असेल, तर अण्णांच्या पोटात तो पन्नास वर्षे मुकाट बसून होता. यकृताला सोसण्याची सवय फार. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही.

आजीला करणी आणि अण्णांना दारू! रोग आला की आधी गुन्हा शोधायचा, ही रीत फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत वरुणाला दिलेला शब्द हरिश्चंद्राने पाळला नाही, म्हणून त्याला जलोदर झाला. म्हणजे पोटात पाणी साठणे ही तेव्हाही शिक्षाच! १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा चढवलेल्या रक्तातून हाच विषाणू त्यांच्या अंगात गेला. आपल्या यकृताचा पाऊण हिस्सा गेला आहे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यांना कुणी पिशवीतली बाटली विचारीत नाही.

हे सगळे मी वॉर्डात जरा मोठ्यानेच सांगत असे. आमच्या अण्णांनी थेंबही घेतलेला नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळलेच पाहिजे असे मला वाटे. शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाले होते. त्यांचा रोग दारूचाच होता. त्यांची बायको माझे बोलणे ऐकून मान खाली घाली. एके दिवशी अण्णांनी आपल्या डब्यातली अळणी भाकरी मोडून अर्धी त्यांना दिली आणि मला म्हणाले, “त्यांचं बी लिव्हरच हाय की, पोरी. माझं काय सोन्याचं हाय?” दारू कायमची सोडली तर अशा रोग्याचेही आयुष्य वाढते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. अण्णांनी मात्र ते विचारल्यावाचूनच त्या माणसाला रोगी मानले होते.

आता अण्णा रोज टेनोफोविरची एक गोळी घेतात. विषाणू तिने मरत नाही, त्याची वाढ थांबते; म्हणून ती बहुधा जन्मभर घ्यायची. ‘क’ प्रकारचा असता तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक मुळासकट गेला असता. या काविळींसाठी २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यातून ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लघवी वाढवणारी गोळी आहे, मीठ अगदी थोडे आहे. आईने पापड-लोणच्याच्या बरण्या माळ्यावर टाकल्या, आणि घरात सगळेच अळणी खातो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण अशा यकृतात कर्करोग होण्याची भीती असते. पोट ओसरले आहे. अण्णा पुन्हा बांधावर जातात. पारावर मात्र अजून जात नाहीत.

आम्हां भावंडांचेही रक्त तपासले. दोघेही निगेटिव्ह. २०११ साली ही लस देशभर लागू झाली. धाकटा त्यानंतरचा, त्याला ती मिळालेली होती. मला मिळाली होती की नाही, याचा कागद नव्हता, म्हणून शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशी तीन इंजेक्शने घेतली.

राहिली होती आत्या. तीही त्याच आजीची लेक. “मला काय धाड भरलीय?” असे म्हणत ती तीन महिने टाळत राहिली. अखेर राखीपौर्णिमेला आली, तेव्हा अण्णाच तिला घेऊन गेले. पॉझिटिव्ह निघाली. पण ध्वनिलहरी सोडून यकृताचा कडकपणा मोजणारे यंत्र असते, त्यात तिचे यकृत अजून मऊ असल्याचे दिसले. गोळी लगेच नको, पण दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. अण्णांना जे पन्नास वर्षांनी कळले, ते तिला वेळेत कळले.

आत्याचे कागद आमच्याच पत्र्याच्या पेटीत आहेत. तिकडे कळले तर ताट-वाटी वेगळी करतील, असे तिला वाटते. एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात घेतल्याने हा विषाणू जात नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगते. ती म्हणते, “मला पटतंय गं. त्यांना कोण सांगणार?” तिच्या घरच्यांचीही तपासणी व्हायला हवी, पण ती अडली आहे ती याच एका वाक्यापाशी. येत्या सुट्टीत मी तिच्या सासरी जाणार आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेची विद्यार्थिनी आहे. मला औषध देता येणार नाही. पण रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून सांगता येईल, निदान एवढे तरी.