गाडी पाणी पीत नाही

आमच्या अब्बांची प्रीमियर पद्मिनी १९८८ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. आमचे गाव महाळुंगे पडवळ. परदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू इथलेच. "त्यांच्या गावात मुंबईत बनलेलीच गाडी शोभते," असे अब्बा अभिमानाने सांगतात. तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाटचा, हे आम्ही त्यांना कधी ऐकवले नाही.

दोन वर्षे अब्बा रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. आधी अर्धा तांब्या, मग पुरा. विचारले तर म्हणत, "पुरानी गाडी है, पानी तो पियेगी." आम्हीही मान डोलावली. वास्तविक गाडी पाणी पीत नाही. तेच पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत राहते. ते कमी होते, म्हणजे कुठून तरी बाहेर पडते किंवा इंजिनात शिरते.

होजपाइप ओला दिसे, म्हणून तो दोनदा बदलला. गळती थांबेना, तेव्हा कुणीतरी हळदीचा उपाय सुचवला. मूठभर हळद आम्हीच आमच्या हाताने टाकली. आठवडाभर पाणी उतरले नाही. आम्ही खूश झालो.

मे महिन्यात अम्मींना डोळे दाखवायला मंचरला निघालो. कळंबच्या पुढे काटा लाल रेघेवर गेला. आम्ही खाली उतरेपर्यंत अब्बांनी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले होते. झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. दाब सुटला की एकदम उकळी फुटते. पिवळे पाणी उसळले आणि अब्बांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवल्या होत्या. गळती मात्र होती तिथेच होती.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, आधी निदानात्मक चाचणी, मग उपचारात्मक अध्यापन. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. वर्गात रोज उच्चारतो तो शब्द घरी विसरलो होतो.

मग रीतसर बसलो. रेडिएटर साफ करून घेतला. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला; सकाळी तो कोरडा. म्हणजे गाडी थंड असताना गळत नाही. ऑइलचे झाकण उघडले. आत दुधाळ साय नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, सुरू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. सगळे फडक्याने कोरडे करून इंजिन तापू दिले आणि लांबून टॉर्च धरली. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असते. पंपाचे सील गेले की पाणी तिथून बाहेर येते आणि दोष कळतो. तिथेच थेंब धरत होता. पंख्याचा वारा तो मागे उडवी आणि होजपाइप भिजे. ओल एकीकडे, दोष दुसरीकडे.

पुण्याच्या नाना पेठेतून पंप आणला. आता विहिरीच्या जड पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घालतो.

त्या वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा शाब्दिक उदाहरणांत नापास होत होता. आम्ही त्याच्याकडून भागाकार घोटून घेत होतो. जूनमध्ये त्याला उदाहरण मोठ्याने वाचायला लावले. भागाकार त्याला येत होता, वाचताच येत नव्हते.

अब्बांच्या मनगटावर डाग राहिला आहे. हळदीबद्दल ते आम्हाला कधी बोलले नाहीत. आजही सकाळी भरला तांब्या घेऊन येतात, थंड गाडीचे झाकण उघडून पाहतात आणि तांब्या मोगऱ्याच्या बुंध्याशी रिता करून परत जातात.