अश्वशक्ती आणि युनिट



मी भाषाविज्ञानाचा अध्यापक. ऊर्जेच्या मापांशी माझा संबंध वीजबिल भरण्यापुरताच असावा, असे तुम्हांला वाटेल. परंतु ही मापे मला भेटली ती शब्दांच्या वाटेने. सोलापुरातील संपर्कसत्रांना मोहोळ, माढा, मंगळवेढा या तालुक्यांतून शेती सांभाळून शिकणारे विद्यार्थी येतात. अर्थपरिवर्तनाचा पाठ चालू असताना एकदा मी विचारले, "पाच एचपीची मोटार दिवसाला किती वीज खाते?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "पाच एचपीच की, सर!" वर्ग हसला नाही, अनेकांना ते उत्तर बरोबरच वाटले होते.

तसे वाटणे स्वाभाविक आहे. बळ, जोर, ताकद, शक्ती, ऊर्जा हे शब्द आपण व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्राने मात्र त्यांची वाटणी केली आहे. काम करण्याचा वेग म्हणजे शक्ती आणि एकूण झालेल्या कामाचा हिशेब म्हणजे ऊर्जा. अश्वशक्ती हे पहिलीचे माप, बिलावरचे युनिट दुसरीचे. एकातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये काळ घालावा लागतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटार आठ तास चालली, तर जवळजवळ ३० युनिटे झाली. मोटारीतील घट धरली, तर थोडी अधिकच.

वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करताना जेम्स वॅटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम हे प्रमाण धरले. अश्वशक्ती हा त्या इंग्रजी शब्दाचा शब्दशः अनुवाद. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येऊ लागली आणि दुकानांतून शेर-मण हळूहळू गेले. विहिरीवरचा घोडा मात्र हलला नाही.

'युनिट' हे तर अर्थसंकोचाचे उत्तम उदाहरण. मूळ अर्थ कोणतेही एकक. वीजग्राहकाच्या तोंडी फक्त एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख जूल. तीच ऊर्जा उष्णतेच्या भाषेत सुमारे ८६० किलोकॅलरी किंवा ३,४१२ बीटीयू. आपल्या उन्हाळ्यात 'दीड टनाचा एसी' घेणाऱ्याला हा टन वजनाचा वाटला, तर नवल नाही. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषली जाते, तो हा टन. तासाला १२,००० बीटीयू. तो खोलीबाहेर टाकलेल्या उष्णतेचा वेग सांगतो, यंत्राने खाल्लेली वीज नव्हे. (दुकानदारही हा फरक क्वचितच सांगतो.)

शेतावर या फरकाची किंमत अधिक मोठी आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते. दोन शेजाऱ्यांच्या मोटारी पाच-पाच अश्वशक्तीच्या आहेत, असे समजा. एकाला उजनीच्या कालव्याचे पाणी आहे, म्हणून त्याची मोटार वीज असेतोवर चालते. दुसऱ्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते आणि मोटार तासाभरात बंद होते. आकारणी मात्र दोघांची सारखीच. मोटार प्रत्यक्षात किती तास चालली, याची नोंद कोठेच नसते. वापर अंदाजाने धरला जातो. २०२४ मध्ये राज्य शासनाने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हाही मर्यादेची रेघ साडेसात अश्वशक्तीवर ओढली गेली. मोटार किती मोठी, हे त्या रेघेवरून कळते. ती किती वीज घेते, हे कळत नाही.

स्वाध्याय म्हणून घरचे वीजबिल समोर घ्या. 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये आणि 'एकूण वापर' युनिटांत छापलेला आढळेल. वापराला भाराने भागा. येणारे उत्तर तासांत असेल. ते कशाचे तास आहेत, हे चार-पाच वाक्यांत, पारिभाषिक शब्द न वापरता, घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला सांगितल्याप्रमाणे लिहा.