गाडी लागते

प्रवास करणं ही अगदी सोपी गोष्ट आहे. तिकीट काढून गाडीत बसलं की माणूस कुठे ना कुठे पोचतोच. अवघड असतं ते प्रवास ठरवणं. आमच्या घरात कोकणची एक सहल १९८२ सालापासून ठरते आहे. त्या साली माझं लग्न झालं आणि ‘चौघांनी मिळून एकदा समुद्र बघून यायचं’ असं ठरलं. पुढे मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, मी शाळेतून रिटायर झालो. मधल्या काळात लोकांनी सह्याद्रीला भोकं पाडून कोकण रेल्वे आखली, बांधली आणि १९९८ साली थेट मंगळूरपर्यंत पळवलीसुद्धा. आमची सहल अजून वहीत आहे.

वही दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो साताऱ्यात, मी सांगलीत. आता सातारकर आणि सांगलीकर यांनी मिळून काही ठरवायचं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी भोगलेलं नाही त्यांना सांगतो. सातारकराला वाटतं, जगातले सगळे रस्ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून निघतात. सांगलीकराला वाटतं, निघेनात का, वाटेत खायला भडंग शेवटी आमचंच लागणार! दादाचं म्हणणं, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं, वाटेत प्रतापगड. माझं म्हणणं, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट आणि खाली रत्नागिरी. प्रतापगडाचं नाव काढलं की समोरच्याची बोलती बंद होते, असा सातारकरांचा पूर्वापार अनुभव आहे. त्यावर मी मालगुंड काढत असे. केशवसुतांचं जन्मगाव, गणपतीपुळ्याला खेटून. मराठीच्या मास्तरानं दुसरं काय काढायचं? उरला मधला रस्ता. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. हा दोघांनाही सारखाच नापसंत होता, म्हणजे न्याय्य होता.

दादा एस.टी.त. १९७० साली तो वाहक म्हणून चिकटला आणि सहा महिन्यांत ऑफिसात आला. ‘हिशेब चोख म्हणून साहेबांनी वर घेतला,’ असं आमची आई गल्लीभर सांगत असे. पुढे तो स्टँडवर कंट्रोलर झाला. चिपळूण, महाड, रत्नागिरी, पणजी, सगळीकडे त्यानं लोकांना रवाना केलं. ‘चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे’ हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं, की घरी वहिनींनी ताट वाढलं तरी तो ‘लागलेलं आहे का?’ असं विचारी.

आणि नेमकी वहिनींना गाडी लागायची.

या एका क्रियापदावर आमच्या घरात किती विनोद झाले, त्याला मोजदाद नाही. ‘दादाची गाडी फलाटाला लागते, वहिनींची पोटाला लागते’ हा त्यातला त्यातल्या त्यात सभ्य. वहिनी हसत. साताऱ्याहून सांगलीला यायचं तरी त्यांच्यासाठी लिंबू, ओवा, आल्याच्या वड्या असा सरंजाम निघे. लिंबू मात्र दादाच्या खिशात असायचं. ‘तिला वेळेवर सापडत नाही,’ असं तो म्हणे, आणि ती वेळ येण्याच्या भीतीनं की काय, सगळी वाट ते नाकाशी धरून बसे. केवढं ते प्रेम, असं आमच्या हिचं मत होतं. ते तिनं मला अनेकदा, जरा मोठ्या आवाजात, ऐकवलेलं आहे.

आता सह्याद्रीचा स्वभाव असा की देशावरून गेलं तर तो हळूहळू चढत जाणारा साधासुधा डोंगर वाटतो. पण माथ्यावर पोचून पलीकडे डोकावलं की पायाखाली एकदम कोकण! मधे रस्ता करायचा तर वळणांशिवाय गत्यंतरच नाही. म्हणून दादानं वळणं मोजायला घेतली. स्वतः जाऊन नव्हे. घाट चढून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो चहा पाजी आणि विचारी, “कुंभार्लीत वळणं किती?” एक म्हणाला बहात्तर. एक म्हणाला शंभरच्या वर. तिसरा म्हणाला, “साहेब, मोजत बसलो असतो तर तुमच्यासमोर चहा पीत बसलो असतो का?” हे तिन्ही जबाब वहीत तारखेसह नोंदलेले आहेत. आंबा, आंबेनळी, फोंडा, अणुस्कुरा, सगळ्या घाटांची अशी पानं आहेत. समुद्राला एकच पान. त्यावर ‘गुहागर. किनारा लांब. पाणी खारट.’ एवढंच.

कुंभार्लीला दादाची आणखी एक हरकत होती. कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे फडताळातली भांडी आमच्या अंगावर आली होती, ते तो विसरायला तयार नव्हता.

“अरे दादा, त्याला किती वर्षं झाली!”

“म्हणूनच म्हणतो. आता त्याला जागा ठाऊक झाली.”

वहिनींचं माहेर म्हसवडचं. माण तालुका. लहानपण डोक्यावर हंडा घेऊन गेलेलं. समुद्राबद्दल त्यांना जे कुतूहल होतं ते आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना कळण्यासारखं नव्हतं. “एवढं पाणी असतं, आणि कुणी भरत नाही?” असं त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं. दादानं त्यांना एकदा कोयनेचं सांगितलं. ही नदी महाबळेश्वरला निघते, हेळवाकपाशी वळते, कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते आणि सांगलीला जाते. पण धरणातलं बरंच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, खाली पोफळीला त्यावर वीज करतात, आणि तेच पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं.

“आमच्या माणात प्यायला नाही, आणि हे समुद्रात सोडायचं?” वहिनी म्हणाल्या. “त्याला काय कमी आहे?”

यावर राज्यात मोठमोठ्या माणसांची मोठमोठी भाषणं झालेली आहेत. पण इतकं थोडक्यात कुणाला जमलेलं मी ऐकलं नाही. दादाच्या तोंडून मात्र वेगळाच उद्गार निघाला. “नशीबवान पाणी! एक वळण नाही. सरळ खाली!”

सहल का गेली नाही याची यादी देत नाही. परीक्षा होत्या, बाळंतपणं होती. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृष्णाच आमच्या घरात आली. पाणी उंबऱ्याच्या आत आल्यावर ते बघायला गुहागरला कोण जाणार? २०२० साली कुणीच कुठे गेलं नाही. २०२१च्या जुलैत चिपळूणच पाण्याखाली गेलं. आणि २०२२ साली, दिवाळीनंतर, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन वहिनी गेल्या.

त्यानंतर दादा घराबाहेर पडेना. सकाळी राजवाड्यापर्यंत फिरायला जायचा तेही बंद. फोन केला तर “बरा आहे” एवढंच. शेवटी यंदा आमच्या हिनं फर्मान काढलं. दादांना बोलावून घ्यायचं आणि सहल ठरवायचीच. सत्त्याहत्तर वर्षांचा दादा वही घेऊन आला. चिरंजीवांनी मोबाईलवर नकाशा उघडला. त्यातल्या बाईनं सांगली ते गुहागर हा रस्ता चाळीस वर्षांऐवजी चार सेकंदांत ठरवून दिला. कुंभार्ली घाटानं.

“छे!” दादा म्हणाला. “त्या घाटात वळणं फार.”

ही माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे. पण आमच्या पोराला असल्या वेळी गप्प बसण्याची विद्या मी शिकवलेली नाही. तो म्हणाला, “पण काका, आता वळणांचं काय? काकू तर...”

दादानं वही मिटली. बराच वेळ तिच्या कव्हरवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, “तिला नाही रे लागायची.”

“म्हणजे?”

“मला लागते.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हिशेब चोख म्हणून साहेबांनी वर घेतलं ही आईची पदरची कथा. चालत्या गाडीत तिकिटं फाडता फाडता हा पठ्ठ्या दर फेरीला दारातून वाकायचा, म्हणून दया येऊन कुणीतरी त्याला ऑफिसात बसवलं. पुढे लग्न झालं. पहिल्यांदा सासुरवाडीला म्हसवडला निघाले, तर वर्धनगडच्या घाटातच याचा निकाल लागला. तो घाट तो काय! उतरल्यावर सासऱ्यांनी विचारलं, “जावईबापू, चेहरा का असा?” एस.टी.तला जावई काय सांगणार? तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, “मला गाडी लागली, त्यांना जागरण झालं.”

“तेव्हापासून तिलाच लागायला लागली,” दादा म्हणाला. “डेपोत कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं रे. मी तिला म्हणालो होतो, दोनदा म्हणालो, तू जा यांच्याबरोबर, मी राहतो घरी. तर म्हणाली, समुद्र काय कुठे पळून चाललाय?”

ही उठून चहा टाकायला गेली. बराच वेळ आली नाही. चहाला इतका वेळ लागत नाही. मी वही उघडून उगाच अणुस्कुऱ्याची वळणं वाचत बसलो. वहिनींवर केलेले ते सगळे विनोद मला एकामागून एक आठवत होते. त्यातले निम्मे माझेच होते.

चहा पिऊन झाल्यावर दादानं खिशातलं पेन काढलं आणि एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कुंभार्ली.’ खाली रेघ मारली.

“दादा, आंब्यानं जाऊ,” मी म्हटलं. “नाहीतर दोन घाट मधे थांबून...”

“कुंभार्लीनंच. तिची गुहागरची वाट तीच ठरली होती.”

आता बेत असा आहे. दादा सकाळी सरळ हमरस्त्यानं कराडपर्यंत एस.टी.नं येईल, त्या रस्त्याला वळणांची भीती नाही. आम्ही सांगलीहून गाडी घेऊन कराडच्या स्टँडवर पोचायचं. पुढच्या सीटवर दादा. पाटणला पहिला थांबा, कोयनानगरला दुसरा, घाटात दादा म्हणेल तिथे आणि म्हणेल तितक्या वेळा. हिनं डझनभर लिंबं आणली आहेत. आल्याच्या वड्या करायला घेतल्या, त्या जरा मऊ झाल्या. वहिनींच्या खुटखुटीत असत.

काल रात्री दादाचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून तो जुना, स्टँडवरचा आवाज. “सांगली, कराड, पाटण, चिपळूणमार्गे गुहागरला जाणारी गाडी सकाळी सहा वाजता...”

“दादा,” मी म्हटलं, “घाटात लागेल हं तुला.”

“लागली तर लागली,” तो म्हणाला. “पिशव्या जास्त घे.”