हलका आहे, पण खोलता येतो का?

कंपनीने कधीच बंद केलेला लाडका लॅपटॉप आणि त्याची जागा घ्यायला निघालेले एक किलोचे चिकणे लॅपटॉप. औरंगपुरा ते पैठणगेट पायी फिरून घेतलेला हा शोध.

औरंगपुऱ्यात काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही, ते सांगणं सोपं आहे. पार्किंग! बाकी सगळं मिळतं. इकडे स. भु. कॉलेज, तिकडे जिल्हा परिषद, चौकात महात्मा फुल्यांचा पुतळा आणि उरलेल्या जागेत वह्या-पुस्तकं, झेरॉक्स, स्टेशनरी, भाजी आणि गाडी कुठे लावू या विवंचनेत गोल गोल फिरणारी जनता. गुलमंडी एका हाकेवर, निराला बाजार दुसऱ्या हाकेवर. आणि पैठणगेट म्हणजे तर मोबाईलवाल्यांची पंढरीच.

पण मला हा भाग आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. इथे वस्तू दुरुस्त होतात. बॅगेची चेन, चष्म्याची दांडी, घड्याळाचा पट्टा, चार्जरची वायर. 'टाकून द्या, नवीन घ्या' हे वाक्य इथे सगळ्यात शेवटी ऐकू येतं. आधी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर येतो.

माझा लॅपटॉपही याच परिसराची देणगी. विद्यापीठात मास कॉम करताना सेकंड हँड घेतलेला, कुठल्याशा कंपनीने लॉटमध्ये काढून टाकलेला काळा ठोकळा, थिंकपॅड एक्स 220. मॉडेल 2011 चं. मैत्रिणी त्याला 'डबा' म्हणतात आणि त्यात त्यांचं अगदीच चुकत नाही. आयबीएमने 1992 मध्ये पहिला थिंकपॅड आणला, तेव्हा डिझायनर रिचर्ड सॅपर यांच्या डोळ्यासमोर जपानी जेवणाचा काळा डबाच होता! 2005 मध्ये हा धंदा लेनोव्होकडे गेला, पण डबा आणि कीबोर्डच्या मधोमध असलेली लाल टिकली तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या मशीनचं कौतुक कशाला? कौतुक नाही हो, टेन्शन आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझा दुसऱ्या पिढीचा. सहा पिढ्यांचं अंतर, एवढं तर सोयरीक जुळवतानाही कुणी बघत नाही! फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे त्याचा लॅपटॉप. क्लायंटच्या फाइल्स, बँक, इन्व्हॉइस सगळं त्यातच. त्यामुळे 'बघू नंतर' म्हणण्याची सोय उरली नाही.

सुरुवात निराला बाजारातल्या एका चकाचक शोरूमपासून केली. एसी, लाइट्स, आणि हातात घेतल्यावर 'बॅटरी आत आहे ना?' असं विचारावंसं वाटेल इतके हलके लॅपटॉप. एलजीचा 14 इंची ग्रॅम 999 ग्रॅमचा. थिंकपॅडच्याच घराण्यात 2021 मध्ये आलेला एक्स वन नॅनो 907 ग्रॅमपासून सुरू व्हायचा. 2020 च्या एम वन मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, आवाजाचा प्रश्नच मिटला. माझा डबा सहा सेलच्या बॅटरीसकट साधारण दीड किलो. म्हणजे फरक अर्ध्या किलोचा. मंडईत हा आकडा मामुली वाटतो, दोन पाव भेंडी. पण सॅक पाठीवर अडकवून रोज सिडको ते वाळूज टू-व्हीलर हाणणाऱ्याच्या खांद्याला विचारा!

स्पष्टच सांगते, स्क्रीन, स्पीड आणि बॅटरी या तीन विषयांत नवे लॅपटॉप जुन्याला उभंही करत नाहीत. 1366 बाय 768 चा स्क्रीन आणि दोन कोअरचा प्रोसेसर घेऊन आजच्या व्हिडिओ मीटिंगला बसणं म्हणजे लुनावर घाट चढणं.

मग अडतं कुठे? पहिलं बोटांवर. मी मराठी टाइप करते ती इनस्क्रिप्टमध्ये. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. दोन्ही हात तबल्यासारखे आळीपाळीने पडतात. वरच्या आकड्यांच्या ओळीवर शिफ्ट दाबलं की ज्ञ, त्र, क्ष, श्र. अशा वेळी की नीट खाली जाऊन परत वर येणं याला किंमत असते. एक्स 220 ला सात ओळींचा जुना कीबोर्ड आहे, ऐसपैस डिलीट आणि होम-एन्डचा वेगळा कोपरा असलेला. 2012 च्या एक्स 230 मध्ये तो गेला आणि सहा ओळींचा सपाट कीबोर्ड आला. चाहते इतके हळहळले, की 2017 मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीला कंपनीने खास आवृत्ती काढून सात ओळी परत आणल्या. पण ती लिमिटेड! आज पातळ मॉडेल्समध्ये की जेमतेम दीड मिलिमीटर खाली जाते. सवय होते, हेही खरं. शोरूममधल्या डेमो पीसवर दोन पॅरा टाइप केल्यावर माझी बोटं मुकाट्याने चालायला लागली.

दुसरी अडचण मात्र सवयीने सुटणारी नाही. ती कळायला एसीतून बाहेर पडून पैठणगेटच्या बाजूच्या गल्लीत जावं लागतं. तिथे एका जिन्याखाली टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, बाजूला उघडे पडलेले मदरबोर्ड. मी फोनवर एका हलक्या मॉडेलचा फोटो दाखवून विचारलं, उद्या यात रॅम वाढवायची झाली तर? रिपेअरवाल्या भाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "दीदी, इसका रॅम बोर्ड पेच चिपका हुआ है. जितना लिया उतनाच."

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. एक्स 220 मध्ये रॅमचे दोन स्लॉट. एक स्क्रू काढला की हार्ड डिस्क बाहेर. बॅटरीला तर स्क्रूही नाही, खटका सरकवला की हातात. लाइट गेल्यावर दुसरी बॅटरी लावून काम चालू! 2013 मध्ये एक्स 240 आला, रॅमचा स्लॉट एकच उरला. 2017 चा एक्स 270 हा बाहेरून बॅटरी बदलता येणारा शेवटचा. 2018 च्या एक्स 280 मध्ये बॅटरी आत गेली आणि रॅम बोर्डाला सोल्डर झाली. दर वर्षी काही मिलिमीटर वाचले आणि दर वर्षी गल्लीतल्या टेबलाचं एक काम कमी झालं.

पुण्या-मुंबईत मशीन बिघडलं तर सर्व्हिस सेंटर शोधतात. इथे आपण 'तो पैठणगेटचा' शोधतो. मी विद्यार्थी असताना 4 जीबीवर सुरुवात केली, पहिल्या मानधनात आणखी 4 टाकले, नंतर कधीतरी एसएसडी. आज सोल्डरवालं मशीन घ्यायचं, तर पाच वर्षांनी लागणारी रॅम आजच विकत घ्यायची, आजच्या पगारात. सीटीसी दणदणीत असेल तर नो प्रॉब्लेम. माझ्यासारखी, जिचं मानधन महिन्यागणिक बदलतं, तिला हे जड जातं.

बंद पडलेल्या लाडक्या मॉडेलचं दुःख या शहराला नवं नाही म्हणा. वाळूजमध्ये 1985 पासून बजाजचा कारखाना आहे. इथल्या घराघरात चेतकच्या गोष्टी आहेत, तिरकी करून स्टार्ट करायच्या. ती स्कूटर 2000 च्या दशकात बंद झाली आणि 2019 मध्ये इलेक्ट्रिक होऊन परतली. छानच आहे, पण नाव सोडलं तर तिचं जुनीशी नातं दूरचंच.

तर मग घ्यायचं काय? दिवसभर मीटिंग, मेल आणि प्रवास असेल तर बिनधास्त एक किलोवाला घ्या, फक्त रॅम 16 जीबीच्या खाली नको. मशीन सात-आठ वर्षं वापरायचं असेल, तर वजनाआधी 'खोलता येतो का' हे विचारा. असे लॅपटॉप अजून निघतात. 2024 चा थिंकपॅड टी 14 जेन 5 घ्या. रॅमचे दोन स्लॉट, लाल टिकली शाबूत, आणि दुरुस्ती किती सोपी याचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटकडून 10 पैकी 9. वजन मात्र सव्वा किलोच्या पुढेच. सात ओळी नाहीत त्या नाहीतच.

नवा कोरा टी 14 माझ्या बजेटबाहेर आहे. पण कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि ते लॉट फिरत फिरत याच गल्ल्यांत येतात. भाईंकडे नंबर देऊन ठेवलाय. तोपर्यंत डब्यावर लिनक्स टाकून घेतलंय. इनस्क्रिप्ट त्यातही मस्त चालतं. हा लेख त्यावरच टाइप केला, बँकेचं काम तेवढं फोनवर.